लाकडासाठी कॉर्डलेस ड्रिल घेताना आधी चक बघा, आकडे नंतर

माझ्याकडे सुतारकाम शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "बाराचं घेऊ की अठराचं?" म्हणजे १२ व्होल्टचं की १८ व्होल्टचं. त्यानंतर टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, आकडा निघतो. बिटांबद्दल, म्हणजे ड्रिलला लावून भोक पाडायच्या टोकांबद्दल, कुणी तोंड उघडत नाही. मी कपाटं, पेट्या, खुर्च्या बनवते आणि जुन्या फर्निचरची डागडुजी करते. भिंतीत भोक पाडायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही. या कामात ड्रिल किती जोरकस आहे यापेक्षा ते किती सरळ आणि किती हळू फिरतं यावर सगळं अवलंबून असतं. मध्यम ताकदीचं ड्रिल आणि उत्तम बिटं असली की काम सुबक होतं. तगडं ड्रिल आणि त्याच्यासोबत फुकट आलेली बिटं असली की भोकं जळतात, फाटतात, तिरकी जातात. म्हणून जेवढी रक्कम खर्च करायची ठरवली असेल तिचा तिसरा हिस्सा बिटांसाठी आधीच बाजूला काढा आणि उरलेल्यात बसेल ते ड्रिल शोधा.

खोक्यावरचे आकडे

"१२ व्होल्ट मॅक्स" लिहिलेलं ड्रिल म्हणजे १०.८ व्होल्टचंच ड्रिल. लिथियम-आयन सेलचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट. असे तीन सेल ओळीने जोडले की १०.८ होतात. नुकतीच चार्ज केलेली बॅटरी मोजली तर आकडा बारापर्यंत जातो, म्हणून ते "मॅक्स". पाच सेलच्या बॅटरीचंही तसंच: "१८ व्होल्ट" आणि "२० व्होल्ट मॅक्स" ही एकाच गोष्टीची दोन नावं. विक्रेता वीसचं मशीन अठरापेक्षा दणकट म्हणून गळ्यात मारू लागला, तर त्याचं बाकीचं बोलणंही जरा जपूनच ऐका.

बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते ते कळायला व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करायचा. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर. १०.८ व्होल्टची तेवढ्याच अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २१.६. ५ अँपिअर-अवरची अठराची बॅटरी ९० वर जाते, पण तिच्यात बहुधा सेलच्या दोन रांगा असतात आणि ते वजन दिवसभर तुमच्या मनगटाला पेलायचं असतं. कपाटाच्या आत हात घालून, मान वाकडी करून बिजागरीचे स्क्रू बसवताना मला मोठी बॅटरी नको असते. लहान बॅटऱ्या दोन घ्याव्यात, एक मशीनला आणि एक चार्जरवर.

टॉर्कचा जो मोठा आकडा ठळक छापतात तो बहुतेक वेळा "हार्ड टॉर्क" असतो, म्हणजे धातूत स्क्रू एकदम अडला की त्या क्षणाला मिळणारा कमाल जोर. लाकडात अडथळा असा एकदम येत नाही, स्क्रू जसजसा आत जातो तसतसा वाढत जातो. त्या परिस्थितीचा आकडा "सॉफ्ट टॉर्क" म्हणून माहितीपत्रकात आत कुठेतरी असतो आणि तो हार्डपेक्षा बराच कमी असतो. दोन ड्रिलं ताडून बघताना सॉफ्टशी सॉफ्टच लावून बघा. बाराच्या चांगल्या ड्रिलचा हार्ड टॉर्क ३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, अठराच्या आटोपशीर मॉडेलचा ५० ते ६०, आणि मोठ्या धुडांचा शंभराच्या वर.

मग यातलं लागतं किती? ४ मि.मी. जाडीचा, ५० मि.मी. लांबीचा स्क्रू, ८ मि.मी.चं डॉवेलचं (सांध्यातल्या लाकडी खुंटीचं) भोक, ३५ मि.मी.चा ऑटो हिंजचा कप (कपाटाच्या दारात बसणाऱ्या बिजागरीची वाटी) हे सगळं बाराचं ड्रिल मुकाट्याने करतं. ते धापा टाकू लागतं ते टणक लाकडात २५ मि.मी.चं ऑगर (खोल भोकाचं पीळदार बिट) खोलवर उतरवताना, ६० मि.मी.चा होल-सॉ (मोठ्या भोकासाठीची गोल करवत) चालवताना किंवा १०० मि.मी. लांबीचे जाड स्क्रू एकामागून एक मारताना. पलंगाच्या चौकटी, बागेतली बाकं, मंडपासारखी जाड तुळयांची कामं करणार असाल तर अठराचं घ्या. पेट्या, कपाटं, खेळणी, छोटी दुरुस्ती एवढंच असेल तर बाराचं, आणि वाचलेले पैसे बिटांना.

जास्त टॉर्कची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. मोठं बिट गाठीत अडकलं की बिट थांबतं आणि ड्रिल फिरतं, तुमच्या मनगटासकट. म्हणून जोरदार मशीनसोबत बाजूची मूठ येते. ती खोक्यात ठेवायला दिलेली नसते. काही मॉडेलमध्ये असा झटका बसताच मोटर आपोआप बंद पडते. मोठी भोकं पाडायची असतील तर ही सोय जरूर बघा.

ब्रशलेस मोटर घ्यावी का? परवडत असेल तर हो. साध्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश घासत असतात. ते झिजतात, उष्णता करतात, थोडी ऊर्जा वाया घालवतात. ब्रशलेसमध्ये तेच काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं, त्यामुळे त्याच बॅटरीवर काम जास्त होतं आणि मशीनचं डोकंही आखूड राहतं. पण साधी मोटर असून चक (बिट पकडणारं पुढचं तोंड) सरळ आणि खटका नरम असलेलं ड्रिल मी डुगडुगणाऱ्या ब्रशलेसपेक्षा केव्हाही पसंत करेन.

हॅमरची, म्हणजे ठोके देत भोक पाडायची, सोय लाकडात काडीच्या उपयोगाची नाही. तिच्यापायी मशीन लांब आणि जड होतं. घरात विटा-काँक्रीटचंही काम निघत असेल तर तो निर्णय वेगळा.

हातात घेऊन बघायचं ते

ड्रिल बघायला जाताना सोबत चार वस्तू न्या: ६ मि.मी.चं एक नवं बिट, २ मि.मी.चं एक बारीक बिट, लाकडाचा एक तुकडा आणि थोडे स्क्रू. जाण्याआधी ६ मि.मी.चं बिट काचेवर लोळवून ते सरळ असल्याची खात्री करून घ्या. एका बाजूने वर उचललं जात असेल तर दुसरं निवडा.

आता ते बिट चकमध्ये घट्ट बसवा आणि खटका अगदी हलका दाबा. बिटाच्या टोकामागे पांढरा कागद धरा. टोक एका जागी ठिपक्यासारखं दिसलं पाहिजे. ते बारीकसं वर्तुळ काढत असेल तर बिट सोडवून थोडं फिरवून पुन्हा आवळा. कधी कधी जबड्यांनीच नीट पकडलेलं नसतं. परत तेच झालं तर ६ मि.मी. ऐवजी बारीक बिट लावून बघा. दोन्ही सरळ बिटं डोलत असतील तर दोष चकचा किंवा त्याच्या दांड्याचा आहे, आणि तो घरी आणल्यावर जाणार नाही. टोकाला अर्धा मि.मी. डोलणारं ड्रिल ८ मि.मी.चं भोक साडेआठचं करतं आणि डॉवेल त्यात खुळखुळतो. लाकडाच्या सांध्यात त्याला माफी नाही.

मग मशीन बंद असताना चक मुठीत धरून आडवं हलवा. किंचित खेळ सगळ्यांत असतो, पण "टक-टक" असा आवाज यायला नको.

त्यानंतर खटका. माझ्या मते ड्रिलची प्रत कळते ती इथे. बोट इतकं हळू दाबा की बिटाचे फेरे मोजता यावेत. चांगलं ड्रिल सरपटल्यासारखं सुरू होतं. वाईट ड्रिल अर्ध्या दाबापर्यंत गप्प बसतं आणि मग एकदम उसळी मारतं. अशा उसळीत टोच्याने केलेल्या खुणेवरून बिट घसरतं आणि घासून-पुसून तयार केलेल्या फळीवर ओरखडा उमटतो. पितळेचा नाजूक स्क्रू शेवटच्या पाव फेऱ्याला आणतानाही हाच हळूपणा लागतो. खटका सोडल्यावर चक जागच्या जागी थांबतं का तेही बघा. घरंगळत राहणारं चक म्हणजे ब्रेक नसलेलं मशीन.

क्लच म्हणजे ठरावीक जोर आला की फिरणं सोडून देणारी सोय. तिची आकडे असलेली रिंग एकवर ठेवा आणि तुकड्यात स्क्रू घालायला लागा. डोकं लाकडाला टेकण्याच्या आतच "कर्र" आवाज करून क्लच सुटला पाहिजे. एकेक आकडा वाढवत न्या. प्रत्येक पायरीला फरक जाणवला तर क्लच कामाचा. एक ते सात सगळं सारखंच आणि आठवर एकदम मुसंडी, असं असेल तर ती रिंग शोभेची. कपाटाची दहा बिजागऱ्या बसवताना क्लच एकदा नीट लावला की सगळे स्क्रू एकसारखे बसतात. भोक पाडताना मात्र रिंग बिटाच्या चित्रावर आणायची, म्हणजे क्लच मध्येच सुटत नाही.

गिअर दोन असतातच. पहिला मिनिटाला साधारण ४०० ते ५०० फेऱ्यांपर्यंत, दुसरा १,५०० ते २,००० पर्यंत. गिअर बदलताना मशीन थांबलेलं असू द्या.

चकची क्षमता १० मि.मी. की १३? लाकडाच्या बहुतेक बिटांचे दांडे १० मध्ये मावतात. १३ चा फायदा मोठ्या ऑगरला आणि होल-सॉला. पण मोठ्या तोंडाची काही चक खूप बारीक बिट पकडत नाहीत, १.५ मि.मी. पासूनच सुरू होतात. बारीक खिळ्यांसाठी १ मि.मी.चं भोक पाडणाऱ्याने हे बघून घ्यावं. बाहेरची खोळ धातूची असेल तर चांगलंच, पण खरी पकड आतल्या तीन जबड्यांची. ते जबडे पूर्ण उघडून आत डोकावलं की बहुतेक मशीनमध्ये तळाशी एक स्क्रू दिसतो. चक दांड्याला धरून ठेवणारा हा स्क्रू डाव्या आट्यांचा असतो, म्हणजे सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. पुढेमागे चक बदलायची वेळ आली तर हे लक्षात असू द्या. उलट्या दिशेने जोर लावून लोक त्याचं डोकं खाऊन टाकतात.

शेवटी पकड. भोक पाडताना ड्रिल मी पिस्तुलासारखं धरत नाही. मूठ जितकी वर नेता येईल तितकी नेते, तर्जनी मशीनच्या अंगाला सरळ टेकवते आणि खटका मधल्या बोटाने दाबते. असं धरलं की रेटा बिटाच्या रेषेत जातो आणि तर्जनी जिकडे रोखलेली असते तिकडेच भोक जातं. सगळ्याच मशीनची मूठ अशी पकड देत नाही. माझा पंजा लहान आहे, त्यामुळे जाड मुठीची कितीतरी चांगली मशीनं मी नाकारली आहेत. दुसऱ्याच्या हाताला बसलेलं ड्रिल तुमच्या हाताला बसेलच असं नाही.

बॅटरीचं घराणं

ड्रिल घेताना तुम्ही खरं तर बॅटरी निवडता. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही, आणि पुढे सँडर, जिगसॉ किंवा छोटी करवत घ्याल तेव्हा त्याच बॅटरीवर चालणारं, बॅटरीविना मिळणारं मशीन स्वस्त पडतं. म्हणून ड्रिलच्या आधी त्या कंपनीची त्या व्होल्टेजची बाकीची हत्यारं चाळा. बाराच्या मालिकेत ड्रिलं उत्तम मिळतात, पण मोठ्या करवती आणि रंधे बहुधा अठरालाच असतात. नावाशी मिळतंजुळतं नाव लावलेल्या, कुणी बनवल्या ते कळत नाही अशा स्वस्त बॅटऱ्यांच्या नादी लागू नका. आतले सेल आणि सुरक्षेचं सर्किट दोन्ही झाकलेलं असतं.

जुनी माणसं सांगतात की बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी. तो सल्ला निकेल-कॅडमिअमच्या काळातला. ब्लॅक अँड डेकरने १९६१ साली पहिलं कॉर्डलेस ड्रिल आणलं ते त्याच सेलवर चालायचं. लिथियम-आयनला पूर्ण उतरवणं उलट बाधतं. जोर कमी झाल्यासारखा वाटला की काढून चार्जरला लावा. काम करून तापलेली बॅटरी जरा निवू द्या, मग चार्ज करा. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करू नका. बरेच दिवस वापरायची नसेल तर साधारण अर्धी भरलेली, थंड आणि कोरड्या जागी ठेवा.

आता बिटं

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

लाकडासाठी पहिला संच ब्रॅड-पॉइंट बिटांचा: ३, ४, ५, ६, ८ आणि १० मि.मी. या बिटाच्या मध्यभागी अणकुचीदार टोक असतं आणि कडेला दोन नख्या. टोक खुणेवर रुतून बसतं, नख्या लाकडाचे तंतू गोलाकार कापतात आणि मग आतला भाग ढलप्या होऊन बाहेर येतो. धातूचं साधं ट्विस्ट बिट लाकडात चालतं, पण त्याचं ११८ अंशांचं टोक रेषांवरून घसरतं आणि भोकाची कड केसाळ होते. विकत घेताना बिट डोळ्यांजवळ आणून बघा. नख्या कापणाऱ्या धारेच्या किंचित पुढे आल्या असतील आणि त्यांना खरोखर धार असेल तर ते ब्रॅड-पॉइंट. मध्ये नुसता टोचा काढून बाकी सपाट घासलेलं बिटही त्याच नावाने विकतात, ते घेऊ नका. सोनेरी रंगाला भुलू नका. लेप चांगला असू शकतो, पण बोथट धार सोनेरी केली तरी बोथटच. हायस्पीड स्टीलचं बिट तापलं तरी धार टिकवून धरतं, साध्या कार्बन स्टीलचं तापून निळं पडलं की नरम होतं. प्लाय आणि एमडीएफमधला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीतला) डिंक धार लवकर खातो. तेच काम रोजचं असेल तर कार्बाइडच्या टोकाची बिटं परवडतात.

षटकोनी दांड्याची बिटं झटपट बदलता येतात, हे खरं. पण त्यांतल्या पुष्कळांचा दांडा वेगळा बनवून जोडलेला असतो आणि त्या जोडात थोडा वाकडेपणा राहतो. डॉवेलच्या भोकांसाठी मी गोल दांड्याचीच वापरते. स्क्रूच्या आधीच्या भोकांना षटकोनी चालतात.

सपाट बुडाच्या भोकाला फोर्स्टनर बिट. बेंजामिन फोर्स्टनर नावाच्या अमेरिकन बंदूक-कारागिराने १८७४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हे बिट मधल्या टोकापेक्षा बाहेरच्या कडेच्या आधारावर चालतं, म्हणून फळीच्या काठावर अर्धं भोक किंवा एकमेकांत शिरलेली दोन भोकं त्याने स्वच्छ पडतात. ३५ मि.मी.चं एक चांगलं फोर्स्टनर स्वतंत्र घ्या. सोळा तुकड्यांचा स्वस्त संच घेऊन त्यातली दोनच वापरायची, यापेक्षा ते बरं.

त्या ३५ च्या कपाचं एक उदाहरण नीट बघा. कपाची खोली सुमारे १२.५ मि.मी. असते. दार १८ मि.मी.चं असेल तर खाली साडेपाच मि.मी. उरतं. १६ चं असेल तर साडेतीनच. स्वस्त फोर्स्टनरचं मधलं टोक चार मि.मी. बाहेर आलेलं असलं की दाराच्या दर्शनी बाजूला ते टोचून वर येतं, आणि मग त्या ठिपक्याला काही इलाज नाही. म्हणून बिट घेताना टोक किती पुढे आहे ते पट्टीने मोजा. वेगाचंही गणित आहे. मिनिटाला १,५०० फेऱ्या असतील तर ६ मि.मी.च्या बिटाची कड मिनिटाला सुमारे २८ मीटर धावते, ३५ मि.मी.ची कड १६५ मीटर. त्या वेगाने लाकूड कापलं न जाता जळतं. मोठ्या फोर्स्टनरला पहिला गिअर लावा, रेटा सारखा ठेवा आणि थोडं आत गेलं की उचलून भुसा बाहेर काढा. धूर दिसला तर वेग जास्त आहे किंवा धार गेली आहे.

खोल भोकाला ऑगर. त्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात आणि ते बिटाला स्वतःच आत ओढतात, तुम्ही फक्त सरळ धरायचं. पहिला गिअर आणि दोन्ही हात. सपाट पात्याचं स्पेड बिट स्वस्त आणि जलद, पण भोक खडबडीत. वायर किंवा पाइप जाण्यापुरतं ठीक, दिसणाऱ्या जागी नको. होल-सॉ लागेल तेव्हा लागेल त्या मापाचा घ्यावा.

कुठलंही बिट पलीकडे निघताना कपचे उडवतं. खाली टाकाऊ फळीचा तुकडा क्लॅम्पने घट्ट दाबून बसवा. ते शक्य नसेल तर ब्रॅड-पॉइंटचं टोक पलीकडे जेमतेम दिसलं की थांबा, फळी उलटी करा आणि त्याच टोकाच्या खुणेवरून उरलेलं भोक पाडा.

स्क्रूसाठी लागणारी भोकं

स्क्रूला दोन भोकं लागतात आणि बहुतेक लोक एकच पाडतात. खालच्या लाकडात पाडायचं ते पायलट, म्हणजे स्क्रूला वाट करून देणारं बारीक भोक. बिट स्क्रूच्या पुढ्यात धरून बघा: स्क्रूचा मधला दांडा बिटाआड झाकला गेला पाहिजे आणि दोन्ही बाजूंनी आटे डोकावले पाहिजेत. पाइनसारख्या नरम लाकडात याहून थोडं बारीक चालतं. ४ मि.मी.च्या स्क्रूला नरम लाकडात २.५ आणि सागवान किंवा शिसमसारख्या टणक लाकडात ३ मि.मी. हे माझं नेहमीचं माप. वरच्या फळीत मात्र स्क्रू अडता कामा नये, तिथे ४ किंवा ४.५ मि.मी.चं मोकळं भोक हवं. ते नसलं की स्क्रूचे आटे दोन्ही फळ्यांना धरतात, मधे फट राहते आणि कितीही आवळलं तरी ती मिटत नाही.

स्क्रूचं डोकं फळीत बुडवायला काउंटरसिंक, म्हणजे भोकाचं तोंड उतरतं कापणारं बिट. मि.मी.च्या मापाच्या स्क्रूंचं डोकं ९० अंशांचं असतं, अमेरिकन इंची स्क्रूंचं ८२. तुमच्या स्क्रूंचा कोन बघून घ्या. अनेक धारांचं काउंटरसिंक लाकडात थरथरतं आणि भोकाची कड बहुकोनी करतं. एका धारेचं किंवा तिरकं आरपार छिद्र असलेलं काउंटरसिंक गुळगुळीत कापतं. पायलट आणि काउंटरसिंक एकत्र असलेलं बिट हाती असलं तर वेळ वाचतो.

बिजागरीच्या पट्टीतून भोक पाडायचं असेल तर स्प्रिंगचं सेल्फ-सेंटरिंग बिट घ्या. त्याची निमुळती नळी पट्टीच्या भोकात बसते आणि आतलं बिट बरोबर मध्यातून खाली उतरतं. ही वस्तू लहान आहे, पण बिजागऱ्या वाकड्या बसायचं तिच्यामुळे थांबतं. पितळेचे स्क्रू टणक लाकडात घालण्याआधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा घालून काढा, म्हणजे आटे तयार होतात. पितळी स्क्रूला मेण चोळा आणि तो हातानेच आवळा.

स्क्रूड्रायव्हरची टोकं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. अधिक चिन्हाचं दिसलं म्हणजे फिलिप्स असं नाही. डोक्यावर चार मुख्य खाचांच्या मधे बारीक तिरप्या रेषा असतील तर ते पॉझिड्राइव्ह, आणि त्याला पीझेड टोकच हवं. फिलिप्सचं पीएच२ टोक पीझेड२ च्या डोक्यात बसल्यासारखं वाटतं, जोर लावला की उसळून बाहेर येतं आणि डोकं खाऊन टाकतं. दोन्ही दोन-दोन आणून वेगवेगळ्या डबीत ठेवा. नवे स्क्रू घेताना शक्य असेल तर चांदणीच्या आकाराचे, टॉर्क्स घ्या. ४ मि.मी.ला बहुधा टी२० आणि ५ ला टी२५ लागतं, आणि टोक उसळत नाही. कडा गोल झालेलं टोक जपून ठेवण्यात अर्थ नाही, ते फेकलं की स्क्रू वाचतात.

इम्पॅक्ट ड्रायव्हर (फक्त स्क्रू मारायचं मशीन) घ्यावा का, हा प्रश्न ड्रिल घेतल्यावर येतोच. लांब स्क्रू पुष्कळ मारायचे असतील तर तो मनगट वाचवतो, कारण जोर तो आतल्या आत फटके मारून देतो, हाताला पीळ बसत नाही. पण त्याचा आवाज कान किटवणारा असतो, कानाला संरक्षण हवंच. बहुतेकांना क्लचची रिंग नसते, आणि नाजूक कामात तो स्क्रूचं डोकं फळीत गाडतो. पहिलं मशीन म्हणून नको.

बाकीच्यांत डेप्थ कॉलर (भोकाची खोली ठरवायला बिटावर बसवायची कडी) तीन-चार मापांचे घ्या. स्वस्त असतात, पण त्यांचा स्क्रू रोज थोडा सैल होतो, दर काही भोकांनंतर चाचपा. बिटावर गुंडाळलेला चिकटपट्टीचा तुकडाही चालतो, फक्त तो भुश्याने वर सरकत नाही ना ते बघत राहा. डॉवेलचे सांधे करणार असाल तर डॉवेल जिग (बिटाला नेमकी वाट दाखवणारा साचा) हवीच. कितीही सवय झाली तरी हाताने धरलेलं ड्रिल दोन फळ्यांत तंतोतंत समोरासमोर भोकं पाडत नाही. कोपऱ्यात काम असेल तर ड्रिलचं तोंड काटकोनात वळवणारी अटॅचमेंट. डोळ्यांना चष्मा, केस बांधलेले, आणि फिरत्या बिटाजवळ हातमोजे नाहीत, ते गुंडाळले जातात. फळी हाताने धरून ठेवून तिच्यात भोक पाडायचं नाही, क्लॅम्प लावायचा. बिट बदलताना दिशेचं बटण मधोमध ठेवलं की खटका दाबला जात नाही.

सगळं एकदम घेणं जमणार नसेल तर क्रम असा ठेवा: ड्रिल आणि दोन लहान बॅटऱ्या, ब्रॅड-पॉइंटचा संच, एक काउंटरसिंक, पीझेड२ आणि पीएच२ टोकं, मग ३५ चं फोर्स्टनर. सेल्फ-सेंटरिंग बिट पहिल्या बिजागरीच्या वेळी, डॉवेल जिग पहिल्या सांध्याच्या वेळी. ऑगर आणि होल-सॉ काम अंगावर आल्यावर.

बिटं एकाच डब्यात खडखडत ठेवू नका, नख्या एकमेकांवर आपटून तुटतात. भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात उभी ठेवा आणि प्रत्येकाचं माप समोर लिहा. पन्हळीत डिंक साचून काळा थर दिसू लागला की बिट थोडा वेळ कपडे धुण्याच्या पावडरीच्या कोमट पाण्यात ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. ब्रॅड-पॉइंटला धार लावायची वेळ आली तर बारीक कानस आतल्या बाजूने चालवा. नखीची बाहेरची बाजू घासली की बिटाचं माप कमी होतं आणि मग ते आपल्याच भोकात घासत तापत राहतं.